वडिलांचं अक्षर

डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारी नोंदवणाऱ्या कार्यालयात मी कारकून आहे. तिथलं घरी बोलायचं नाही, हा नियम मी एकदाच मोडला. निर्मळ या आमच्या गावातल्या शेजारणीने वकिलामार्फत गावच्या डॉक्टरविरुद्ध तक्रार केली होती. इंजेक्शन चुकलं आणि तिचा पाय लुळा पडला. संतापाच्या भरात मी ते वडिलांना सांगितलं. डॉक्टर त्यांचा मित्र. पण गावातल्या अडाणी माणसांचे अर्ज वडीलच लिहून देत. मला वाटलं, तिच्याही पाठीशी उभे राहतील. माझी अक्कल शेण खायला गेली होती!

आठवड्याभरात माझ्याच टेबलावर अर्ज आला : 'माझी काही तक्रार नाही.' खाली तिचा अंगठा. वरचं अक्षर मी लगेच ओळखलं. लहानपणी पाटीवर मी तेच गिरवलं होतं.