खंडेनवमीनंतरचं विंडोज

तिसऱ्या फ्लॉपीला ड्राइव्ह खरखरला. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज. मी बटण दाबून फ्लॉपी काढली, पुन्हा घातली. पुन्हा तेच. स्क्रीनवर ओळ आली, फाईल वाचता येत नाही, फ्लॉपी तपासा.

माझ्या खुर्चीमागे सेक्रेटरी सावंत उभे होते. ते लगेच म्हणाले, "बघा! मी म्हणत नव्हतो? बाई, काय करून ठेवलंत हे?"

बाई म्हणजे विजया कांबळे, तिथली कॉम्प्युटर ऑपरेटर. तासगावच्या बाजूला बेदाण्याचं एक सहकारी कोल्ड स्टोरेज होतं. कुणाच्या पेट्या कुठल्या खोलीत, कुठल्या रॅकवर, हा सगळा कारभार एका कॉम्प्युटरवर चाले आणि तो कॉम्प्युटर विजया चालवी. तीन वर्षं टेंपररी. त्या दिवशी दुपारी संचालकांची मीटिंग होती आणि तिला कायम करायचं की नाही हे तिथं ठरणार होतं. सावंतांच्या भाच्यानं नुकताच सांगलीत कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. हे मला संस्थेच्या शिपायापासून स्टँडवरच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी सांगून झालं होतं.

मी सांगलीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात सर्व्हिस इंजिनियर होतो. विंडोज ९५ नवीन होतं आणि जो तो त्याच्या मागे लागला होता. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटरचा मुकादम. बटण दाबलं की आधी तो उठतो, मग बाकीच्यांना कामाला लावतो. या मशीनवर डॉस नावाचा जुना मुकादम होता. मुकाट काम करायचा, कसली तक्रार नाही. पण शेजारच्या संस्थेत स्क्रीनवर चित्रं दिसायला लागली होती ना! मग आम्हालाही चित्रं पाहिजेत.

मी आधीच सांगितलं होतं, "साहेब, मशीन जुनं, ३८६ आहे. मेमरी चार एमबी. विंडोज बसेल, पण रखडत चालेल. आणि तुमचा मॉनिटर ब्लॅक अँड व्हाइट आहे, त्यावर कसली चित्रं बघणार?"

सावंत म्हणाले होते, "तुम्ही फक्त घालून द्या हो."

तेव्हा विंडोज तेरा फ्लॉप्यांवर यायचं. हल्लीच्या पोरांनी फ्लॉपी बघितलेली नसते. चौकोनी प्लास्टिकची पाटी, तिला पत्र्याची सरकती झडप, झडपेआड तपकिरी चकती. ड्राइव्हमध्ये घातली की झडप सरकते, चकती फिरते आणि टेपरेकॉर्डरमध्ये असतं तसं एक हेड तिला घासून वाचतं. या सेटच्या फ्लॉप्यांत नेहमीपेक्षा जास्त माल ठासलेला असायचा, त्यामुळे साधी कॉपी निघायची नाही. सेट एकच. गेला तर गेला.

पाकिटाचं सील आधीच फोडलेलं होतं. मी विचारलं, "हे कुणी उघडलं?"

"बाईंनी," सावंत म्हणाले. "कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असते."

विजया म्हणाली, "सर, मी गेले तेव्हा सील होतं. दसऱ्याला आईला घेऊन नागपूरला गेले होते. कालच आले. किल्ली साहेबांकडे देऊन गेले होते."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

सावंतांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "इंजिनियरसाहेब, एका ओळीत लिहून द्या. ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे फ्लॉप्या खराब. मीटिंगच्या आत पाहिजे."

माझं डोकं फिरलं. अहो, अजून मी मशीन उघडलेलं नाही आणि तुम्ही निकालही लावून मोकळे? मी म्हणालो, "आधी बघू द्या, मग लिहितो." त्यांनी तोंड वाकडं केलं.

स्क्रू काढून ड्राइव्ह बाहेर घेतला. आत अक्षता होत्या. खऱ्याखुऱ्या, कुंकवात भिजवलेल्या तांदळाच्या अक्षता. हेड लालभडक झालेलं. मग तीन नंबरच्या फ्लॉपीची झडप नखानं सरकवली. चकतीवर कुंकवाचं गोल रिंगण उमटलेलं, त्याच्या मधोमध ओरखडा. चार नंबर बघितली. तिच्यावर अजून न फिरलेला ठसठशीत ठिपका, शेजारी हळदीचं बोट. पाच, सहा, सात, सगळ्या सवाष्णी! पहिल्या दोघींनी आपलं कुंकू हेडला पुसलं होतं, तिसरीच्या वाट्याला ओरखडा आला.

तळपायाची आग मस्तकात गेली. खंडेनवमी! हत्यारांची, अवजारांची पूजा. कारखान्यात लेथला करतात, शेतात नांगराला करतात, करा की! मीही माझ्या पान्या-स्क्रूड्रायव्हरला करतो. पण झडप उघडून?

मी ओरडलोच, "कुठल्या बिनडोक माणसानं हा उद्योग केला?"

"मी केला," दारातून आवाज आला.

चेअरमन होते. मीटिंगसाठी लवकर आले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, आता द्राक्षबाग बघणारे. उंचेपुरे, पांढऱ्या मिशा. सावंतांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांना हे सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. पूजेला तेच तर शेजारी ताट घेऊन उभे होते.

अण्णा आत आले. "मीच लावलं. सेक्रेटरी म्हनलं, मानाची पूजा तुमच्या हातनं. मी म्हनलं, वरच्या पत्र्याला कुंकू लावून काय उपेग? विद्या हाय ती आतल्या चकतीत. म्हनून झडपा सारून लावलं. का? काय झालं?"

मी त्यांना हेड दाखवलं, रिंगण दाखवलं. त्यांना काही उमजेना. मग मी विचारलं, "अण्णा, पलटणीत दसऱ्याला रायफलची पूजा करायचा ना?"

"व्हय. दर साली."

"नळीत कुंकू घालायचा?"

"येडा हाईस का? नळीत कुंकू घातलं तर..." आणि ते थांबले. हातातल्या फ्लॉपीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आरं तिच्या! पर मला कुनी सांगितलं न्हाई."

"मी सांगितलं होतं, अण्णा," विजया म्हणाली. "जाताना साहेबांना दोनदा सांगून गेले. मशीनला आणि फ्लॉप्यांना काही लावू नका, टेबलाच्या पायाला लावा. दोन वर्षं मी इथं उभी राहून तसंच करून घेत होते."

अण्णांनी सावंतांकडे बघितलं. "काय ओ?"

सावंत खाली बघत म्हणाले, "म्हणाल्या होत्या. पण मला वाटलं, ह्यांच्यात पूजा करत नाहीत, म्हणून म्हणत असतील."

मला त्या क्षणी सावंतांना खुर्चीसकट बाहेर फेकावंसं वाटलं. तीन वर्षं जी बाई हे मशीन चालवते, ती मशीनबद्दल सांगते, आणि ह्यांच्या कानात काय शिरतं, तर तिची जात! मी हेच सांगितलं असतं तर 'इंजिनियरसाहेब म्हणाले' म्हणून पाळलं असतं. वर पुन्हा चोराच्या उलट्या बोंबा, तिच्याच नोकरीवर टाच.

विजया म्हणाली, "साहेब, मी पूजा करू नका म्हटलं नव्हतं. चार बोटं लांब करा म्हटलं होतं."

मी तो कोरा कागद घेतला आणि लिहिलं, हळद, कुंकू व अक्षता ड्राइव्हमध्ये व फ्लॉप्यांच्या आत गेल्याने बिघाड. ऑपरेटरने पूर्वसूचना दिली होती. सही ठोकली. सावंत कळवळून म्हणाले, "अहो, असं कसं लिहिता? पूजेनं मशीन बिघडलं म्हणून गावाला सांगायचं?"

अण्णा म्हणाले, "लिव्हू दे. आनि त्यात माझं नावबी घाल."

घातलं.

मीटिंगमध्ये अण्णांनी सगळं स्वतःवर घेतलं. संचालक पोट धरून हसले म्हणे. मग चेअरमनसाहेबांचं मन किती मोठं, चूक कबूल करायला छाती लागते, अशी भाषणंही झाली. विजयाला कायम केलं. नवा सेट आला, नवा ड्राइव्ह बसवला, आणि मी त्या ३८६ वर विंडोज घातलं. मशीन चालू करून चहा पिऊन यावं तोवर कुठं स्क्रीनवर विंडोजच्या सुरुवातीच्या चित्रातले ढग दिसायचे. तेही काळेपांढरे. महिन्याभरात सगळे पुन्हा डॉसमध्येच काम करायला लागले. मी सांगितलं होतंच, पण ऐकतो कोण!

भर खोलीत जिला दोषी ठरवलं, तिची माफी मात्र कुणी मागितली नाही. सावंतांनी नाही, अण्णांनीही नाही. कुणाला ते सुचलंसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास सर्व्हिसिंगला गेलो. कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं कव्हर होतं, कुंकू टेबलाच्या पायाला. मागच्या भिंतीवर टाईप केलेला कागद चिकटवलेला, 'माननीय चेअरमनसाहेबांच्या सूचनेनुसार कॉम्प्युटर व फ्लॉप्यांना हळदकुंकू लावू नये.' शेजारी बसलेल्या एका शेतकऱ्याला सावंत सांगत होते, "आमच्या अण्णांनी शोधून काढलं बरं का हे. लय बारीक नजर."

मी विजयाला विचारलं, "हा कागद कुणी टाईप केला?"

"मीच, सर."

"आणि नाव त्यांचं?"

ती हसली. "माझ्या नावानं लावला असता तर पाळला असता का कुणी?"

मी स्क्रू आवळत राहिलो. त्या दिवशी दोन स्क्रूंचे आटे गेले माझ्या हातून. सर्व्हिसच्या धंद्यात पुढं मी एक नियम पाळला. बिघडलेल्या मशीनसमोर बसलो की आधी विचारायचं, ह्याच्याबद्दल तुम्हाला आधी कुणी सांगितलं होतं? बहुतेक वेळा कुणीतरी सांगितलेलं असतंच.