भट्टीबाईची पहिली खेप

गल्लीत तिला सगळे भट्टीबाई म्हणत. नवरा गेल्यावर दुकानामागची शिशाची भट्टी तिनंच पेटती ठेवली होती. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, अ‍ॅसिड गटारात ओतायचं, आतलं शिसं वितळवून विकायचं. त्या धुरावर पोरं शिकली, त्यांची लग्नं झाली. धुराला कुणी नावं ठेवली की ती फणकारायची, "तुमच्या चुली काय अत्तर जाळतात?"

मग नातीचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर त्यात शिसं. पोर दुकानाच्या पायरीवर खेळायची, इतकंच तिचं पाप. त्याच दिवशी भट्टीबाईनं घण उचलला आणि स्वतःच्या हातानं भट्टी फोडली. घरगुती भट्ट्या बंद करायचा सरकारी नियम त्यानंतर आला. ती अजून ऐकवते, "सरकार माझ्या मागून आलं!"

नव्या नियमानं बॅटरी फोडायचीच नव्हती. गोळा करायची आणि जशीच्या तशी, अ‍ॅसिडसकट, शिसं गाळणाऱ्या सरकारमान्य कारखान्याला द्यायची. गोळा करण्याचा परवाना तिनं हट्टानं मिळवला, पण कच्चा. कारखान्यानं पहिली खेप नापास केली की परवाना गेला आणि दुकानाला कुलूप.

खेपेच्या दिवशी सकाळी ती मागच्या अंगणात येते तो काय, धाकटा दीर एक बॅटरी तिरकी करून गटारात रिकामी करतोय! जन्माची सवय. हलकी केल्याशिवाय बॅटरी उचलायची नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं.

"भाऊजी! हे काय मांडलंय?"

"हमालांच्या कमरा मोडतील, वहिनी. जरा हलक्या करतो."

"ठेवा ती खाली."

"कळणार कुणाला?"

तो दुसरीला हात घालणार, तोच ही पदर खोचून, पोतं टाकून थेट बॅटऱ्यांच्या ढिगावर बसली. "अ‍ॅसिडनं भोकं पडली तर साडीला पडू देत, परवान्याला नाही. आता आधी मला ओता गटारात!"

"तुम्हाला उचलायला क्रेन लागेल," दीर पुटपुटला, आणि मुकाट्यानं सांडलेलं अ‍ॅसिड मारायला गटारावर चुना टाकायला लागला.

ट्रक आला तेव्हाही ती तिथेच. कारखान्याचा माणूस एकेक बॅटरी हलवून बघू लागला. रिकामी तिनंच पुढं सरकवली. "ही आमच्या घरात रिकामी झाली. चुना टाकलाय, बघून घ्या."

त्यानं गटार पाहिलं. "मावशी, ही खेपेत नाही धरणार."

ती ढिगावरून उतरून त्याच्या समोर उभी राहिली.

"बाकीच्या चढवा. खेप पास."

नातीच्या रक्तातलं शिसं आता उतरतंय. भट्टीच्या जागी दोरी बांधलीय, तिच्यावर शाळेचे पांढरे कपडे पांढरेच वाळतात. आणि कुणी भंगारवाला रिकामी बॅटरी घेऊन आला, की दीरच दारात आडवा होतो. "कोरडी आणलीस? जा बाबा, वहिनी आत बसल्यात."