वायरमन अजून खांबावर आहे

मिलिंदच्या बायकोचा, करुणाचा फोन आला तेव्हा मी एका लग्नपत्रिकेची अक्षरं काढत होते. "ताई, ह्ये गेले," एवढंच ती म्हणाली, आणि मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे?" तिनं दवाखान्याचं नाव सांगितलं तेव्हा कळलं. मिलिंद सकाळच्या पाळीवरून घरी आला होता, छातीत दुखतंय म्हणून आडवा झाला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. तरी भाद्रपदातलं ते ढगाळ दुपारचं ऊन आणि माझ्या हातातला वाळत चाललेला टाक डोळ्यांपुढून हलत नाही.

मिलिंद मुळशीतल्या उरवड्याचा. तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला होता आणि उरलेल्या वेळात चित्रकथा काढायचा. स्वतः काढायच्या, स्वतःच छापून आणायच्या आणि गठ्ठे पाठीवर मारून कॉमिक्सच्या संमेलनात नेऊन विकायच्या. त्याच्या मालिकेचं नाव 'वायरमन'. आमची ओळख अशाच एका संमेलनात झाली. मी हातानं लिहिलेल्या अक्षरांची भित्तिपत्रं विकायला बसले होते आणि शेजारचं टेबल त्याचं होतं. आजूबाजूला परदेशी महानायकांचे पुरुषभर उंच फलक, झगे आणि मुखवटे घातलेली पोरं, कर्कश गाणी... आणि मधोमध हा इस्त्रीचा शर्ट घालून, थर्मासमधला चहा पीत शांत बसलेला. पंख लावून आलेली एक कॉलेजातली मुलगी त्याच्या टेबलाशी थांबली. मुखपृष्ठावर खाकी शर्टातला, दोर खांद्यावर टाकलेला एक मध्यमवयीन माणूस पाहून तिनं विचारलं, याची पॉवर काय?

"पावर त्याची न्हाई," मिलिंद म्हणाला. "पावर गावाची. त्यो निस्ती जोडतो."

मुलगी हसली, पण अंक घेऊन गेली. मीही घेतला. चित्रं अशी, की मुळशीच्या पावसात तिरपा झालेला प्रत्येक खांब वेगळा ओळखू यावा. संवादाच्या फुग्यांमधली अक्षरं मात्र एकमेकांच्या अंगावर चढलेली. मी तसं स्पष्ट सांगितलं. त्याला राग आला नाही. पुढच्या अंकाची पानं तो थेट माझ्या कोथरूडच्या घरी घेऊन आला. तेव्हापासून अक्षरं मी लिहीत आले.

त्याची काम करायची जागा म्हणजे घरामागची पत्र्याची खोली. पाळीवरून आला की जेवून तो तिथं बसे. आधी करुणाला संवाद वाचून दाखवायचे. तिला एखादं वाक्य खटकलं की ते गेलंच. "असं कोण बोलतंय हितं?" एवढाच तिचा शेरा. चित्रासाठी ती शिडी धरून उभी राही, कमरेला दोर बांधून घेई. वरून गाव कसं दिसतं ते पाहायला तो पाण्याच्या टाकीवर चढून बसायचा. पावसाळ्यात मात्र शाईला हात लावायचा नाही. आमच्याकडचा पाऊस कागदाला सुद्धा फुगवतो, रेघ फुटते. म्हणून जूनपासून नुसतं पेन्सिलीचं काम, कागद तांदळाच्या कोठीत जपून ठेवायचे, आणि शाई दसऱ्यानंतर. ही त्याची शिस्त होती. तिचाच आज राग येतो.

गोष्टीतला वायरमन म्हणजे त्याचे वडील, आबा. मुळशीच्या वाड्यावस्त्यांवर त्यांनी वीज सांभाळली. मिलिंद शाळेत असताना एका वादळानंतर ते खांबावर दुरुस्ती करत होते आणि लाइन चालू झाली. आबा तिथंच गेले. कशी, कुणाच्या हातून, ते कधीच ठरलं नाही. ही हकीकत त्यानं मला बऱ्याच वर्षांनी सांगितली, तीही रंगांबद्दल बोलावं तशा आवाजात. मालिका त्या दिवसाशी संपणार, हे त्यानं पहिल्या अंकाच्या आधीच ठरवलं होतं. पण दर अंकात तो दिवस पुढे जायचा. कधी तारेत अडकलेलं वानराचं पिल्लू, कधी लग्नाच्या मांडवात गेलेली वीज, कधी कासारसाईच्या धरणाकाठचा मोडका खांब... आबांना नवं काम निघायचं. वाचकांना त्याचं काही वाटलं नाही. मला कळत होतं, पण मी विचारलं नाही. विचारून काय झालं असतं?

मग एका वर्षी संमेलनात ती पंखवाली मुलगी पुन्हा आली. या वेळी खाकी शर्ट, कमरेला पट्टा, पकड आणि खांद्यावर दोर. त्या अख्ख्या गर्दीत वायरमन होऊन आलेली ती एकटी. लोक तिला विचारत होते, तू कोण? मिलिंद उठून उभा राहिला. मला वाटलं, आता हा रडणार.

"पट्टा सैल हाय बाळा," तो म्हणाला. "आवळून घे. वर गेल्यावर हात मोकळा ऱ्हात न्हाई."

तिनं निमूटपणे पट्टा आवळला.

आमची शेवटची भेट श्रावणात, त्याच्याच खोलीत. शेवटच्या अंकाची पेन्सिलीतली पानं त्यानं माझ्यापुढे मांडली. वादळ, अंधारलेलं गाव, खांबाच्या टोकाशी आबा. पुढची पानं कोरी होती. मी काही म्हणायच्या आत तोच म्हणाला, "ताई, मी ठरवलंय. त्यांना खाली उतरवनार. खरं काय झालं ते सगळ्यांना ठाव हाय. कागदावर तरी घरी येऊ द्या." दसऱ्यानंतर उतरवतो, म्हणाला. शाईबरोबरच. आम्ही चहा प्यायलो, मुखपृष्ठाच्या रंगावर वाद घातला, आणि मी निघाले. दसरा यायचा होता, घाई कसली...

तो गेल्यावर एका तरुण चित्रकारानं उरलेली पानं पुरी करून द्यायची तयारी दाखवली. मनापासून विचारलं होतं त्यानं. करुणानं हात जोडले. "नको. बाप त्येंचा व्हता. त्येंनीच उतरवायचा व्हता." अंक पेन्सिलीतच, आहे तसा निघेल. आबा वरच राहतील.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे पांगले, तेव्हा आम्ही दोघी त्या पत्र्याच्या खोलीत बसलो होतो. वीज गेलेली होती. थोड्या वेळानं ती आली, पंखा फिरू लागला, टेबलावरचे कागद हलले. करुणा बोलता बोलता उठली आणि दारात जाऊन रस्त्याकडे बघत उभी राहिली. काय झालं, मी विचारलं.

मिलिंदच्या लहानपणी घरात दिवा लागला की सगळ्यांना कळायचं, आबा खांबावरून उतरले. त्याची आई लगेच चुलीवर चहा ठेवायची. त्या दिवशीही दिवा लागला होता. त्या दिवशीही तिनं चहा ठेवला होता. पुढं आयुष्यभर, वीज आली की मिलिंद हातातली रेघ अर्धी टाकून उठायचा, दारात जाऊन उभा राहायचा, आणि मग परत येऊन बसायचा. शाई वाळते म्हणून करुणा त्याच्यावर चिडायची.

"आता माजेच पाय उठत्यात," ती म्हणाली.

रस्त्यावर कारखान्याची पाळी सुटलेली माणसं चालली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत करुणा उभी राहिली. मग आत आली, आणि मला न विचारता चहाचं आधण ठेवलं.