मास्तरांनी शिवलेली साइडकार

कपडे शिवण्यात मास्तरांचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. पण मास्तरांनी स्कूटर खोलायला घेतली, तेव्हा त्यांचा हात धरून थांबवणारं कुणी असतं तर बरं झालं असतं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. ती जुनी स्कूटर मुळात बाईंची, म्हणजे मास्तरांच्या बायकोची. लग्नाआधी त्या तिच्यावरून टेलिफोन ऑफिसात जायच्या. लग्नानंतर हँडल कधी मास्तरांकडे आलं आणि बाई कधी मागे बसायला लागल्या, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. संध्याकाळी दोघं नदीवर जाऊन बसायची. पुढे गाडी गंजली, बाईंचे गुडघे कुरकुरू लागले, मागच्या सीटवर चढणं सुटलं आणि नदीही सुटली. एकदा बाई सहज म्हणाल्या, "नदीला पाणी आहे का, तेही आता दुसऱ्याला विचारायचं." ते मास्तरांच्या मनाला लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी भंगारातून स्कूटरच्या बाजूला जोडायची एक साइडकार उचलून आणली.

स्कूटर खोलणं सोपं होतं. सुटे भाग बटणांच्या डब्यांत गेले, प्रत्येकाला चिठ्ठी लागली आणि चिठ्ठीवर मास्तरांनी आपल्या भाषेत लिहिलं: डावी बाही, कॉलर, आतला खिसा. जोडायला बसले तेव्हा कॉलर म्हणजे नेमकं काय, ते काही केल्या आठवेना. कार्ब्युरेटरने तर नाकी नऊ आणले. गळती थांबवली की पेट्रोल पुढे जायचं नाही, पुढे गेलं की जमिनीवर. गंजलेला नट सोडवताना पाना निसटला आणि मास्तर काळ्या हातांनिशी गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पँटवर जाऊन पडले.

गॅरेजवाला मेहुणा येता-जाता चिडवायचा, "भावोजी, एखाद्या शर्टाला सायलेन्सर लावू नका म्हणजे मिळवली."

शेवटी मास्तरांनी नाक मुठीत धरून त्यालाच बोलावलं. उलटा बसवलेला वॉशर त्याने हसत हसत सुलटा केला आणि इंजिन धडधडलं.

साइडकारला मात्र मास्तरांनी त्याला हात लावू दिला नाही. आतला पत्रा कापून, जाड गादी भरून सगळं त्यांनी बाईंच्या बेताचं केलं, तेही गुपचूप. माप घेण्याचा प्रश्नच नव्हता. ते त्यांना तोंडपाठ होतं.

रविवारी बाईंना बाहेर आणलं. बाई गादीवरून हात फिरवत राहिल्या, डोळे भरून आले. मग मेहुण्याचा हात धरून, कण्हत-कुंथत त्या आत उतरल्या आणि कमरेशी अडकल्या.

"अहो, हे माप कधीचं?"

"लग्नातल्या ब्लाउजचं," मास्तर पुटपुटले.

मेहुणा भिंतीला तोंड करून हसत होता. दोघांनी मिळून बाईंना बाहेर ओढलं. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. कापड उसवता येतं, पत्र्याचं काय करणार? नदी काही आता बाईंना दिसत नाही, असं त्यांना वाटलं.

बाई टेकायला म्हणून स्कूटरच्या पुढच्या सीटवर बसल्या. पाय उचलावाच लागला नाही, अगदी खुर्चीसारखं. बाजूला जोडलेल्या साइडकारचं तिसरं चाक असल्यामुळे गाडी कलंडायची भीती नव्हती. त्यांनी हँडल धरलं, क्लच दाबून पाहिला.

"किक मारा," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही बसा त्या ब्लाउजात."

मास्तर काटकुळे, ते आत अगदी बेतशीर बसले. पहिल्या वळणावर त्यांनी डोळे मिटले, दुसऱ्यावर उघडले. बाईंचे केस उडत होते आणि त्या एकट्याच हसत होत्या. इतकी वर्षं त्या मागे बसायच्या, त्यामुळे रस्त्यावर त्यांचा चेहरा कसा होतो हे मास्तरांनी कधी पाहिलंच नव्हतं.

नदी आली. बाईंनी ब्रेक लावला नाही.

"अगं, नदी गेली की मागे."

"येताना बघू," बाई म्हणाल्या आणि त्यांनी गिअर बदलला.