न पोचवलेलं दुखणं

ही गोष्ट माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक नाही. तिला माझं सगळं ठाऊक आहे, असं ती चारचौघांत म्हणते, आणि मी मान डोलावतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची-माझी ओळख नाही. ओळखीच्या माणसाला सांगायची माझी छाती आजवर झाली नाही — पुढे होईल असंही वाटत नाही.

कुठून सुरुवात करू? बेसबॉलपासूनच करतो. हसू नका. रायपूरमध्ये बेसबॉल म्हटलं की पाहुणे हसतातच. पण आमच्या गुढियारीत, मालधक्क्याच्या मागच्या मैदानावर, मुलींची एक बेसबॉलची टीम खेळते आणि आम्हा काही जणांचा तिच्यावर फार जीव. नाल्यासाठी आणलेले सिमेंटचे मोठे पाइप तिथे कधीचे पडून आहेत. नाला झालाच नाही, पाइप आमचे झाले. ऑफिस सुटलं, दुकान पोराच्या हवाली केलं, की आम्ही त्या पाइपांवर. यंदा राज्याचा कप येणार की नाही, पिचर कोण हवी, मॅनेजरचं डोकं ठिकाणावर आहे की नाही — रोज हेच. घरी आमचं कोणी ऐकत नव्हतं. पाइपांवर ऐकत होते.

मी बोलण्यात पटाईत. साहूजी माझे कायमचे विरोधक. त्यांचं हार्डवेअरचं दुकान, आवाज असा की पलीकडच्या शंटिंगवाल्यांनी वळून पाहावं. ते जे म्हणतील त्याच्या उलट मी. यात गंमत होती. गंमतच होती ती, निदान तेव्हापर्यंत.

आणि मॅनेजर मनोहरभाऊ. रेल्वेतून रिटायर झालेले, आमच्यासारखेच मूळचे विदर्भातले. टीम निवडायची त्यांनी, शिव्या खायच्या त्यांनी. त्यांची स्मरणशक्ती म्हणजे आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, नाव घेण्यासारखी गोष्ट. समोरच्या टीमची कोणती मुलगी कोणत्या चेंडूवर फसते हे त्यांना तोंडपाठ असायचं, लिहून काही ठेवायचे नाहीत. 'डोक्यात राह्यलं नाही, त मी मॅनेजर कशाचा?' असं म्हणून हसायचे.

हे वाक्य मला विसरता येत नाही. पण ते पुढे.

आधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण त्या रीतीतच मी घाण केली. आमच्याकडे खेळणाऱ्या मुलीने आपलं दुखणं स्वतः सांगायचं नाही. पूर्वी एकीनं सांगितलं होतं, तर बाकीच्यांनी तिला बहाणेबाज म्हणून इतकं छळलं की तिनं खेळणंच सोडलं. तेव्हापासून मनोहरभाऊंनी ठरवून टाकलं — जिला काही दुखेल तिनं पाइपांवरच्या एखाद्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगावं, त्यानं ते एकट्यानं येऊन भाऊंच्या कानात घालावं. याला आम्ही 'दुखणं पोचवणं' म्हणायचो. मग भाऊ त्या मुलीला बाहेर बसवायचे आणि कारण भलतंच द्यायचे. 'आज मले दुसरीले पाहाचं आहे,' एवढंच. आम्ही पाइपांवरून ओरडायचो — काय हा मॅनेजर! चांगल्या पोट्टीले बसवते! — आणि भाऊ ऐकून घ्यायचे. त्यांचे अर्धे 'चुकीचे' निर्णय असे होते. कोण्या मुलीचं नाव खराब होऊ नये म्हणून स्वतःचं नाव खराब करून घ्यायचे. हे पाइपांवरच्या थोड्यांना ठाऊक होतं, त्यांतला मी एक. ठाऊक असूनही ओरडण्यात मी पुढे असायचो. मजा यायची ना.

देवकी आमची पिचर. अभनपूरजवळच्या खेड्यातली, उंच, कमी बोलणारी. तिच्या हातून सुटलेला चेंडू पाहणं हे सुख होतं, दुसरा शब्द नाही माझ्याकडे. माझी नोकरी तेव्हा अभनपूरला. संध्याकाळी स्कूटरवर रायपूरला परत येताना मी तिला सोबत आणायचो. काका म्हणायची मला. तिचा विश्वासाचा माणूस मीच, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही त्याची ऐट होती.

त्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो. समोर बिलासपूरची टीम. पाइपांवर एकच वाद — पिचिंग कोण करणार? साहूजींचं म्हणणं, देवकी थकलेली दिसते, दुसऱ्या मुलीला संधी द्या. मी म्हणायचो, देवकीशिवाय फायनल म्हणजे वरातीत नवरदेवच नाही. आवाज चढत गेले. एका संध्याकाळी तर मी सगळ्यांसमोर म्हणून बसलो की देवकी उतरली नाही, तर मी या पाइपांवर पुन्हा बसणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहूजी म्हणाले, "लिख लो, परकास भैया हारेंगे." मला ते 'हारेंगे' फार लागलं.

दुसऱ्याच दिवशी, अभनपूरहून येताना, देवकीनं स्कूटर थांबवायला सांगितली. रस्त्याकडेला उतरली. उजवा हात डाव्या हातानं धरला होता.

"काका, मोर खांध अब्बड़ पिरावत हे. सर ला बता देहू."

खांदा फार दुखतोय, सरांना सांगा. एवढंच म्हणाली. चेहरा उतरला होता, पण सांगून मोकळी झाल्यासारखी वाटली. मी म्हटलं, "हव, सांगतो. तू चिंता नको करू."

आणि मी सांगितलं नाही.

बस. हीच ती गोष्ट. इतकी लहान. विसरलो असतो तरी चाललं असतं — पण मी विसरलो नाही. मैदानात पोचलो तेव्हा मनोहरभाऊ एकटेच उभे होते. त्याच आठवड्यात त्यांच्या बायकोचं, आमच्या वहिनींचं, ऑपरेशन झालं होतं, दवाखाना आणि मैदान अशी त्यांची धावपळ चालू होती, डोळे लाल. मी त्यांच्याकडे चार पावलं गेलोही. तेवढ्यात पाइपांवरून साहूजींचा आवाज आला, हसण्याचा. कशावर हसत होते देव जाणे. मला वाटलं, माझ्यावरच. मी भाऊंना विचारलं, "वहिनी कशा आहेत?" आणि वळलो.

काय वाटलं होतं मला? की एवढं दुखत नसेल? की मुली जरा वाढवूनच सांगतात? असं काहीतरी मी स्वतःला सांगितलं असेल. पण खरं मला तेव्हाही ठाऊक होतं. मला साहूजींसमोर हरायचं नव्हतं. एका मुलीच्या खांद्यापेक्षा पाइपांवरचा वाद मला मोठा वाटला. माझं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे होतं, पोरकट म्हणून सोडून द्यावं असंही नाही.

फायनलला देवकी उतरली. मी साहूजींच्या पाठीवर थाप मारली. सामना अर्ध्यावर आला आणि एक चेंडू टाकताना ती ओरडली. चेंडू कुठेतरी भलतीकडे गेला. ती गुडघ्यांवर बसली, हात लटकत होता. मला अजून ती ओरड ऐकू येते म्हणून सांगितलं तर तुम्हाला वाटेल, मी सहानुभूती मागतोय. नाही मागत.

सामना हरलो. लोक खवळले. मैदानातच मनोहरभाऊंना घेरलं. पोट्टीचा हात घालवला, कपासाठी आंधळे झाले, अन् काय काय. भाऊ म्हणाले, "अरे पण मले कोणी सांगतलं नाही. सांगतलं असतं, त मी उतरवली असती काय तिले?"

तेव्हा देवकी बोलली. तिला दोघींनी धरलं होतं. तिला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, तिला जे खरं वाटत होतं तेच ती बोलली. "काका ने तो बता दिया था, सर."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. साहूजीसुद्धा. मनोहरभाऊही. भाऊंच्या नजरेत राग नव्हता, ते खरोखर विचारत होते. "प्रकाश, सांगतलं होतं काय तू?"

मी म्हटलं, "हो भाऊ. सांगतलं होतं."

पहिलं पाप वाद जिंकण्यासाठी होतं. हे दुसरं नुसत्या भीतीपोटी. एवढ्या लोकांत माझं तोंड काळं होऊ नये म्हणून. आणि मी वाट पाहत राहिलो की भाऊ आता चिडतील, खोटारडा म्हणतील, माझी कॉलर धरतील. धरली असती तर मी कदाचित कबूल केलं असतं. कदाचित.

पण भाऊ चिडले नाहीत. कपाळावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "सांगतलं असन मंग. हा काहून खोटं बोलन? माहंच डोकं ठिकाणावर नव्हतं या दिवसांत." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या त्या स्मरणशक्तीपेक्षा माझ्यावर जास्त.

त्याच आठवड्यात त्यांनी मॅनेजरकी सोडली. मोठा वाद नाही, भांडण नाही. ज्याच्या डोक्यात मुलीचं दुखणं राहत नाही, त्यानं टीम सांभाळू नये, एवढं म्हणाले. पाइपांवर लोक म्हणाले, बरं झालं. मीही तिथेच बसलो होतो. मान डोलावली.

देवकीचा खांदा बरा झाला, पण चेंडू टाकण्याइतका झाला नाही. काही महिन्यांनी भाऊ मला म्हणाले, तिच्या घरी जाऊन माफी मागायची आहे, तू चाल सोबत. मीच नेलं, माझ्याच स्कूटरवर. तिच्या अंगणात भाऊ उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "बेटी, मैं भूल गया था. मेरी गलती है." देवकी जमिनीकडे पाहत होती. "जान दे सर," जाऊ द्या, एवढंच म्हणाली आणि आत गेली. तिच्या आईनं मला पाणी आणून दिलं, भाऊंना नाही. मी ते पाणी प्यायलो. तिथे एक वाक्य पुरलं असतं ना? एकच. ते पाणी घशाखाली उतरायला जेवढा वेळ लागला, तेवढाही लागला नसता.

पुढे भाऊंना स्वतःच्या डोक्याचीच शंका येऊ लागली. किल्ली सापडेना की घाबरायचे. वहिनींना एकच गोष्ट दोनदा विचारायचे, मग ओशाळायचे. कुणी जुन्या मॅचची गोष्ट काढली की म्हणायचे, मले नका विचारू, माहं काही खरं नाही. समता कॉलनीतल्या एका डॉक्टरकडे मीच त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासलं, खूप प्रश्न विचारले आणि म्हणाले, काही झालेलं नाही, वयाच्या मानानं उत्तम आहे. बाहेर आल्यावर भाऊ म्हणाले, "डॉक्टरले काय मालूम? मले मालूम आहे ना मी काय विसरलो ते." मी स्कूटरला किक मारली. गाडी लवकर चालू होईना, तेव्हा मला बरं वाटलं, पाठमोरं राहता येत होतं म्हणून.

लोक मला चांगला म्हणतात. भाऊंची इतकी सेवा करतो, पोटच्या पोराच्या वर करतो म्हणतात. वहिनी तर दर दिवाळीला माझ्या हातावर चिवड्याचा डबा ठेवतात. मी घेतो.

आता मागच्या महिन्यातलं सांगतो आणि थांबतो. भाऊंकडे गेलो होतो. टीमचा विषय निघाला, यंदाची पिचर बरी आहे असं मी म्हणालो. भाऊंनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून अगदी सहज म्हणाले, "प्रकाश, एक विचारू? तू मले तिच्या खांद्याचं सांगतलं, तवा मी काय म्हणलो होतो? मी लय जोर लावून राहिलो, पण आठवतच नाही."

घरात दुसरं कोणी नव्हतं. वहिनी देवळात गेल्या होत्या. साहूजी नव्हते, पाइप नव्हते, कोणाची भीती नव्हती. हरण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. भाऊ थकलेले, वाट पाहत बसलेले.

मी म्हटलं, "तुम्ही म्हणले, बरं, पाहतो."

"बरं, पाहतो," भाऊंनी हळूच म्हणून पाहिलं. पुन्हा एकदा म्हटलं. मग त्यांचा चेहरा उजळला. किती वर्षांनी तसा पाहिला मी तो. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"हो," ते म्हणाले, "आता आठवलं. तू तिथं मैदानात आलता, अन् मी म्हणलो — बरं, पाहतो. आठवलं मले, प्रकाश."