भाकरीखालची काडीपेटी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. स्वतःच्या हुशारीवर मात्र भलता होता, आणि तो भुतांपेक्षा घातक निघाला...

बासष्ट-त्रेसष्टची गोष्ट. वणीजवळच्या एका कोळसाखाणीवर आमचे हे बारूदवाले होते. वरच्या बारूदकोठीतून सुरुंगाची दारू एका पेटीत, ती उडवायच्या टोप्या दुसऱ्या पेटीत (दोन्ही कधी एकत्र नाहीत) घेऊन जमिनीखाली उतरायचं, हे काम. मी अठरा वर्षांची, सातवी पास, आणि चालायची अशी की खाण जणू माझ्या बापाचीच! पाण्याला निघाले की खाणीच्या तोंडाशी बसलेले लच्छूकाका हळूच म्हणत, "आल्या कलेक्टरीणबाई!" लाजेनं हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. यांनाही नाही.

लच्छूकाकांचं काम झडतीचं. खाली जाणाऱ्याची विडी-काडी काढायची आणि कुलूपबंद लाकडी पेटीच्या फटीतून आत टाकायची. दसऱ्याला ते तापानं गेले. तेराव्याचं वरण मी स्वतः ढवळलं. त्यांच्या जागी माणूस आलाच नाही... ज्यानं त्यानं आपलीच झडती घ्यायची, असं चाललं होतं.

पौषात आमचं भांडण झालं. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी मी अक्कल चालवली — दोन विड्या आणि काडीपेटी हिरव्या चिंधीत बांधून डब्यात भाकरीखाली ठेवली. रुसवा काढायचा होता ना! खाली काडी चालत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला तर सातवीपर्यंतचं सगळंच ठाऊक होतं.

दुपारी भोंगा वाजला. थांबेचना. खाणीच्या तोंडातून पिवळट धूर. सगळ्या बाया धावल्या. शेजारच्या शेवंताबाईंनी मला धरून ठेवलं. त्यांचाही नवरा खालीच होता.

"रडू नको वं, येतेत सारे."

मी रडत नव्हते. डोक्यात एकच — माझी काडी. आणि यांच्याजवळ बारूद.

माणसं खोकत खोकत वर आली. हे नाहीत. सगळ्यात शेवटी आले, काळेठिक्कर, खांद्यावर पेट्या. आग पोचायच्या आत बारूद बाहेर काढत थांबले होते. शेवंताबाईंचा नवरा आणि आणखी एक जण आलेच नाहीत.

घरी यांनी डबा पुढ्यात ठेवला. भाकरी तशीच. चिंधी नाही.

"काडी कुठं गेली?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"सकाळीच काढली लच्छूकाकानं. डब्यात सरळ हात घातला अन् टाकली पेटीत. म्हने, कलेक्टरीणबाईले सांग, माया लावाची असन तं भाजीत तेल टाक, आग काहून टाकते?" बोलता बोलता हे थांबले. "घाईत होतो वं... अर्ध्या उतारावर गेल्यावर ध्यानात आलं. काका तं..."

पुढे चौकशीवाल्यांनी पेटीचं कुलूप काढलं. आत माझी हिरवी चिंधी होती, गाठ न सुटलेली. आग कशानं लागली ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

नातू म्हणतो, "आजी, आबांनीच टाकली असेल ना!" असेल बाबा. पण मग 'कलेक्टरीणबाई' त्यांनी कुठून आणलं?

त्याहून मोठा प्रश्न मी नातवाला सांगत नाही. पेटीत माझ्या चिंधीशिवाय दुसऱ्या कोणाची विडी-काडी नव्हती. काका आलेच होते, तर एकाच डब्यात हात घालून का गेले? बाकीच्यांची झडती कोणी घेतली?

शेवंताबाई पुढे वीस वर्षं माझ्या शेजारी राहिल्या. दर पौषात म्हणायच्या, "तुयं नशीब मोठं वं." मी मान हलवायची. चिंधीचं त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.