शिवणीतली माया

सीताक्का जळगावहून धुळ्याला एकटी कधी येत नाही. त्या दुपारी देवपुरातल्या आमच्या दारात ती उभी राहिली, काखेत एक गाठोडं, आणि वहाणा न काढताच म्हणाली, "बाई, खेमी गयी." मी तांदूळ निवडत होते. सूप तसंच धरून विचारलं, "कुठे?" ...काय हा प्रश्न. पण हरवलेल्या मुलीचा माग काढायला खेमीबाई पूर्वी मधूनच कुठे कुठे निघून जायची, त्यामुळे डोक्यात पहिलं तेच आलं. सीताक्का उंबऱ्यावर बसली. गाठोडं माझ्या पुढ्यात सरकवून म्हणाली, "हाई तुमनाकरता ठेयेल शे." खेमीबाईने माझ्यासाठी मागे ठेवलेलं. मी ते बाजूला सारून तांदूळ पुरते निवडले, त्यात एकही खडा राहू दिला नाही.

त्याला आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं लिहितात, आणि खेमीबाईबद्दल तसं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण मला माझ्याबद्दल एक वाईट गोष्ट लिहायची आहे, आणि ती तिच्याशिवाय लिहिता येत नाही.

फाळणीनंतर सिंधमधली कुटुंबं जळगावात येऊन पडली, तेव्हा मी माहेरी होते. वय वीस, शिवणाची परीक्षा नुकतीच पास झालेली, तोंड फटकळ. गावाबाहेरच्या एका बंद जिनिंगच्या शेडमध्ये त्यांना जागा दिली होती. गोण्या टांगून एकेका घराचा आडोसा केलेला, आणि वर पत्र्याला कापसाचा जुना भुसा चिकटलेला. तिथल्या बायकांसाठी आम्ही शिवणाचा वर्ग काढला. तीन मशीनं आणि चौदा बायका. सीताक्का त्यातली नव्हे, ती शेजारच्या वस्तीतली विधवा. आधी पाणी भरायला आली आणि मग तीही मशीनवर बसली. मराठी मला येत होती, त्यांना नव्हती. हिंदी दोन्हीकडची मोडकी. तेवढ्यावर वर्ग चालला.

पहिल्याच आठवड्यात मी चोळीचं कापड बेतायला घेतलं. खडूची रेघ मारली आणि म्हटलं, "रेघेवर कापायचं नाही. बाहेर दोन बोटं माया सोडायची." आपल्याकडे शिवणीच्या आत जादा कापड राखतात त्याला माया म्हणतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात काही वाटणार नाही. पण समोरच्या बाईने कात्री खाली ठेवली. उंच, हाडकुळी, डोईवरची ओढणी सारखी सावरणारी. तीच खेमीबाई. म्हणाली, "बाई, माया छोडो बोलती हो? सब छोडके तो आई. अब और कौनसी माया छोडूं?" कुणी प्रवचनाला बसवलंय असंच तिला वाटलं.  मग एक बाई हसली, दुसरी हसता हसता रडायला लागली, आणि मी, शहाणी मास्तरीण, हातात टेप घेऊन नुसती उभी. अखेर अंगातली चोळी उलटी करून मी तिला आतली पट्टी दाखवली. तिने बोट फिरवून पाहिलं. "अच्छा... अंदर रखनेका. दिखानेका नहीं." इथपर्यंत ठीक होतं. पण नंतर तिने विचारलं, "ये नहीं रखा तो?" मी म्हटलं, "तर ओढ बसली की शिवण निसटते." झालं. ती उठून गेली ती महिनाभर वर्गात आली नाही.

का, ते सीताक्काने काढून आणलं. मारवाडकडच्या एका स्टेशनात गाडीत चढताना खेमीबाईने चार वर्षांच्या मीराला झग्याच्या बाहीला धरलं होतं. मागून रेटा आला, ती आत ढकलली गेली. बाही खेमीबाईच्या हातात राहिली आणि पोर गर्दीत गेली. नवरा आधीच वारलेला. गाडीतून ती उतरली ती एवढीशी बाही घेऊन. आणि तो झगा तिनेच हाताने शिवलेला, कापड कमी म्हणून अगदी कडेवर टाके घातलेले. म्हणजे इतके दिवस ती गर्दीला दोष देत होती, मी येऊन तो तिच्या सुईला दिला. काय गरज होती मला? नुसतं "असं असतं" म्हणून पुढे गेले असते तर चाललं असतं.

त्या महिन्यात वर्गात एक पद्धत पडली, ती पुढे कायम राहिली. जिचं काम अडेल तिच्या वाट्याचं बाकीच्यांनी एकेक तास बसून उरकायचं, आणि ती परत आली की कुणी काही विचारायचं नाही. खेमीबाईच्या वाट्याचे परकर तसेच पुरे झाले. ती परतली तेव्हा पुऱ्या झालेल्या परकरांची घडी पाहून सरळ मशीनवर बसली. आणि नंतर कुणी बाळंत झाली, कुणाला ताप आला, की पहिला तास तिचाच असायचा. सीताक्काचा हात मशीनच्या सुईत आला तेव्हा वीस दिवस तिचं काम खेमीबाईने एकटीने ओढलं. वर्ग मी चालवते असं लोक म्हणायचे. खोटं. तो तिने चालवला.

परतल्यावर तिने पहिलं काय केलं, तर ती बाही लावून एक नवा झगा शिवला. दोन्ही कुशींत चार-चार बोटं माया, खाली तर वीतभर दुमड. दर दिवाळीला ती दोन्ही कुशींच्या शिवणी उसवायची, बोटभर कापड बाहेर काढायची आणि पुन्हा टीप मारायची. मीरा तेवढी वाढली असणार. पहिल्या तीन दिवाळ्यांना तिने तो मला दाखवलाही. मीराच्या चौकशीचा सरकारी अर्ज तिच्यासाठी मीच इंग्रजीत लिहिला होता, पत्ता माझाच दिला होता. त्यामुळे महिन्यातून एकदा तिचा ठरलेला प्रश्न यायचा, "बाई, चिठ्ठी?"

चौथ्या पावसाळ्यात चिठ्ठी आली. त्या स्टेशनजवळच्या छावणीत, त्याच दिवसांत, अशा वर्णनाची एक मुलगी तापाने गेल्याची नोंद सापडली होती. नाव कुणाला ठाऊक नव्हतं. अंगात झगा होता, त्याला एक बाही नव्हती.

मी वाचत होते तेव्हा खेमीबाई समोर बटणं लावत बसली होती. मान वर करून म्हणाली, "क्या लिखा?" ...आणि मी म्हटलं, "तपास चालू आहे म्हणतात." कागद मशीनच्या खणात, बॉबिनांच्या खाली सारला. उद्या सांगू, दिवाळी होऊन जाऊ दे, तिचा खोकला उतरू दे. मी लग्न होऊन धुळ्याला आले, कागद तिथेच खणात राहिला, इथे वर्ग काढला, आणि जळगावला गेले की दर खेपेला तोच प्रश्न आणि तेच उत्तर. आठ वर्षं. दिवाळीनंतर ती सांगायची, "अब के भी एक उंगली निकाला." मी मान डोलवायची. चार-पाच वर्षांच्या पोरीचा झगा माया काढून काढून सोळा वर्षांच्या मुलीला होत नाही, एवढं शिवणाच्या बाईला कळू नये? विचारलं असतं तर बोलावं लागलं असतं. शेवटची भेटले तेव्हा ती खाटेवर होती, छातीचा भाता झालेला. तेव्हाही विचारलं, "चिठ्ठी?" मी म्हटलं, "येईल." तिने माझा हात थोपटला. तिला आशेवर ठेवल्याचं पुण्य मला लागतंय, असं काहीतरी मूर्खासारखं मनात येऊन मी बसने परतले.

गाठोडं मी आठ दिवस सोडलं नाही. सोडलं तर वर तो कागद होता, घड्यांवर विरलेला. खणातून तिने तो केव्हा काढला, कुणाकडून वाचून घेतला, की माझ्या तोंडाकडे बघूनच त्या दिवशी सगळं समजली, आता कुणाला विचारू? कागदाखाली झगा. शिवण उसवून पुढे नेली की जुन्या टिपेच्या जागी सुईची बारीक भोकं राहतात, धुतली तरी जात नाहीत. मी तो उलटा करून उजेडात धरला. प्रत्येक कुशीत भोकांच्या ओळी तीनच होत्या. चौथी नाही. चिठ्ठी आल्यावर त्या झग्याला तिने कात्री लावलीच नव्हती. मीरा तिथेच थांबली होती, हे तिला आठ वर्षं ठाऊक होतं. आणि माझं खोटं उघडं पडू नये म्हणून ती दर खेपेला मला विचारत राहिली... स्वतःच्या मुलीसाठी तिला एकदा मोठ्याने रडायचं असेल, तर तेही मी तिला करू दिलं नाही.

वर्गात आता मी "माया सोडा" म्हणत नाही, "माया ठेवा" म्हणते. मुली हसतात, बाईंचं काहीतरीच म्हणतात. परवा शेजारीण झगा बघून म्हणाली, "कापड चांगलं आहे, आत अजून माया दिसतेय. उसवला तर माझ्या नातीला होईल." मी उसवायला घेतलाही. ब्लेड शिवणीपाशी नेलं, आणि तसाच घडी घालून ट्रंकेत ठेवला. कुशीत अजून दोन्हीकडे बोटभर माया शिल्लक आहे.